काळ्या मातीवरचं पहिलं घर: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली पत्रं बहुतेक मराठवाडा-विदर्भातली आणि बहुतेक पहिल्यांदाच घर घेणाऱ्यांची आहेत. सगळ्यांचा सूर एकच: घर आवडलंय, पण भिंतीला भेग आहे; घ्यावं का? सारख्या प्रश्नांना एकत्र केलं आहे.

परभणीत चौदा वर्षं जुना एकमजली बंगला डिसेंबरात पाहिला. रंग ताजा आहे, पण खिडकीच्या कोपऱ्यातून केसाएवढी तिरपी रेघ वर गेलेली दिसते. एजंट म्हणतो, प्लास्टरची आहे. शेजारच्या आजी म्हणाल्या, "उन्हाळ्यात या, बोट जाईल." कोणाचं धरायचं?

आजींचं. निदान एक उन्हाळा थांबण्यापुरतं तरी.

तुमच्याकडची काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात शेताला पडणाऱ्या भेगा तुम्हाला सांगायला नकोत. तीच माती घराखाली आहे. घराच्या मधल्या भागाखाली ऊन पोचत नाही, तिथली ओल टिकते. कडेची माती मात्र वाळते, आकसते आणि बाहेरचे कोपरे खाली बसतात. घर मधे उंच, कडेला खाली अशा अवस्थेत येतं. भिंतीचा वरचा भाग ताणला जातो, आणि भेग खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून निघते, कारण भिंत तिथंच सगळ्यात कमजोर असते. अशी भेग वर रुंद आणि खाली निमुळती असते. पावसाळ्यात कडेची माती फुगली की कोपरे वर येतात आणि भेग मिटते. ऑक्टोबर ते जानेवारी माती ओल धरून असते, म्हणजे डिसेंबरात असं घर सगळ्यात देखणं दिसतं. घर बघायला लोक निघतात दिवाळीनंतर, भेगा उघडतात पाडव्यापासून मृगापर्यंत. विकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं.

प्रत्येक भेग पायाची नसते, हेही तितकंच खरं. कॉलम आणि विटांची भिंत जिथं मिळतात तिथली सरळ उभी रेघ, किंवा बीमच्या खालून जाणारी सरळ आडवी रेघ, ही दोन वेगळ्या मालांच्या सांध्याची असते. प्लास्टर करताना तिथं कोंबडजाळी मारलेली नसते, इतकंच. जाळ्यासारख्या बारीक रेघा प्लास्टर भराभर वाळल्याच्या. तिथं बोटानं टकटक करा. बद्द आवाज आला तर प्लास्टर सुटलंय. पायाची भेग ओळखायची ती अशी: तिरपी असते किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढते, भिंतीच्या आतून आणि बाहेरून एकाच जागी दिसते, आणि खाली जोत्यापर्यंत उतरते. जोत्याचे दगड किंवा प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरचा काँक्रीटचा बीम) चिरलेला असेल तर वाद संपला. भेग खाली रुंद आणि वर निमुळती असेल तर मधला भाग खचतोय किंवा कडा उचलल्या जातायत. तेव्हा नळ-ड्रेनेज फुटलंय का ते आधी बघा.

बॅटरीचा झोत भिंतीलगत तिरपा धरा. आधी भरून रंगवलेली भेग समोरून दिसत नाही, तिरप्या उजेडात तिचा उंचवटा लगेच कळतो. दारांची वरची फट बघा: एका टोकाला दोन मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला दहा असेल तर चौकट वाकडी झालीय. दाराची कड रंध्यानं तासलेली असेल तर ते कुठल्या महिन्यात अडकत होतं, हे विचारा. फरशीवर गोटी सोडून बघण्यात अर्थ नाही. आपल्याकडे फरशीला मुद्दाम उतार देतात. त्याऐवजी गवंड्याची पाण्याची नळी घ्या आणि बाहेरून चारही कोपऱ्यांवर जोत्याच्या वरच्या कडेची पातळी मोजा. दहा-पंधरा मिलिमीटरचा फरक बांधतानाच राहिलेला असू शकतो. एकच कोपरा तीस-चाळीस मिलिमीटर खाली असेल तर तो बसलाय.

आता मोजमाप. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक पितळी स्क्रू पक्का बसवा आणि दोहोंमधलं अंतर व्हर्नियरनं मोजून शेजारी तारखेसह पेन्सिलनं लिहा. महिन्यातून एकदा मोजा. काचपट्टी चिकटवायची जुनी पद्धत आहे, पण काच फुटली एवढंच तिच्यावरून कळतं. किती सरकलं ते कळत नाही. फेब्रुवारी ते मेअखेर हे अंतर ३ मिलिमीटरनं वाढलं तर हालचाल जिवंत आहे. पाच मिलिमीटरपर्यंतची भेग सहसा दुरुस्तीच्या आवाक्यात असते. पाचच्या पुढं गेली तर दारं-खिडक्या, पाइपही ओढले जाऊ लागतात, आणि अशा वेळी स्ट्रक्चरल इंजिनीअरचा लेखी अहवाल हातात आल्याशिवाय पुढं जाऊ नका.

अहवालासाठी इंजिनीअर बाहेरच्या भिंतीलगत साधारण एक मीटर चौकोनी खड्डा पायाच्या तळापर्यंत घ्यायला सांगेल. मालकाची परवानगी लागते, आणि जो मालक याला कारण न देता नकार देतो त्याच्याविषयी तुम्हाला बरंच काही कळतं. खड्डा एकावेळी एकच, पावसाळ्यात नाही, आणि लगेच मुरूम ठोकून बुजवायचा. बघायचं ते हे: पाया मुरमावर टेकलाय की काळीतच थांबलाय, किती खोल आहे, फुटिंग (कॉलमखालचा रुंद काँक्रीटचा तळ) आहे की नुसतं दगडकाम. तळाची दोन किलो माती पिशवीत बांधून प्रयोगशाळेत द्या आणि 'फ्री स्वेल इंडेक्स' मागा. चाचणी साधी असते. वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन काचनळ्यांत घालतात, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल, आणि चोवीस तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथं ती १० मिलिलीटर आणि पाण्यात १८ भरली, तर फुगवटा ८० टक्के. पन्नासच्या आत काळजी कमी, शंभरच्या वर पाया उथळ असेल तर घर दरवर्षी हलणारच.

पाया काळीतच आहे, भेग ४ मिलिमीटर. मालक म्हणतो सिमेंट भरून, रंग देऊन देतो. चालेल का? आणि नाही तर खरी दुरुस्ती काय?

उन्हाळ्यात उघडलेल्या भेगेत सिमेंट ठासणं ही सगळ्यात महाग पडणारी स्वस्त दुरुस्ती. पावसाळ्यात कोपरा वर यायला लागला की भेगेला मिटायला जागाच नसते. भिंत दाबली जाते आणि फूटभर बाजूला नवी भेग पडते. पुढच्या उन्हाळ्यात तुमच्याकडे दोन असतात.

आधी पाणी. छताचे पाइप जोत्याशीच मोकळे सोडलेले असतात. ते निदान तीन मीटर लांब न्या. शोषखड्डा, सेप्टिक टँक, धुण्याचा दगड, बागेचा नळ हे सगळं पायापासून दूर हवं. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये पाणी भरून तासभर पातळी बघा. उतरली तर गळती आहे. मग घराभोवती फरसबंदी: किमान दीड मीटर रुंद, जमलं तर दोन. कडेची माती वर्षभर सारखी ओली राहावी, एवढाच तिचा हेतू. काळी थोडी उकरून १०० मिलिमीटर मुरूम पाणी मारून ठोकायचा, त्यावर जाड प्लास्टिक कागद, वर ७५ मिलिमीटर १:३:६ काँक्रीट (एक भाग सिमेंट, तीन वाळू, सहा खडी), बाहेरच्या बाजूला दर मीटरला २५-३० मिलिमीटर उतार. भिंत आणि फरसबंदी यांच्यातला सांधा डांबरानं भरा. तिथं नुसतं सिमेंट लावलं तर पहिल्याच वर्षी फट पडते आणि सगळं पाणी नेमकं पायात जातं.

९ बाय ७ मीटरच्या घराला दीड मीटर पट्टा म्हणजे ५७ चौरस मीटर. काँक्रीट सुमारे ४.३ घनमीटर, म्हणजे दीड ब्रास. सिमेंट १९-२० गोण्या. मुरूम ठोकून ५.७ घनमीटर लागतो, सैल मागवताना पावणेतीन ब्रास सांगा. कंत्राटदाराचा आकडा याच्या दुप्पट आला तर विचारायला तोंड हवं, म्हणून हिशेब दिला.

पुष्कळ घरं एवढ्यानंच शांत होतात. फरसबंदीनंतर एक पूर्ण वर्ष स्क्रूमधलं अंतर मोजा. हालचाल एक मिलिमीटरच्या आत आली की भेग शिवायची: विटांच्या आडव्या सांध्यात खाच घेऊन ६ मिलिमीटरची पीळदार स्टेनलेस सळई ग्राउटमध्ये (खाच भरायच्या पातळ मसाल्यात) बसवतात, भेगेच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर, दर पाच-सहा थरांना एक. मग प्लास्टर.

एवढं करूनही कोपरा बसतच राहिला तर पायाखाली पाया घ्यावा लागतो. भारवाहक भिंतीखाली एक-सव्वा मीटर लांबीचे तुकडे पाडून, एक खणायचा आणि शेजारचे सोडायचे, अशा क्रमानं मुरमापर्यंत खाली जातात. नवं काँक्रीट जुन्या पायाच्या तळाला भिडवत नाहीत. पन्नास-पंच्याहत्तर मिलिमीटर फट ठेवतात आणि काँक्रीट आवळल्यावर तीत १:३ चा जवळजवळ कोरडा मसाला ठासतात, म्हणजे भार खरोखर खाली उतरतो. घाई करणारे ही फट ठेवत नाहीत. काँक्रीट आकसतं आणि घर आणखी थोडं खाली येतं. दुसरी चूक म्हणजे फक्त एकच कोपरा पक्का करणं. तो थांबतो, बाकी घर हलत राहतं आणि भेग जुन्या-नव्याच्या सीमेवर जाते. कॉलमच्या फुटिंगखाली तर टेकू आणि नकाशाशिवाय कुदळही लावू देऊ नका. काळ्या मातीत सिमेंटचं इंजेक्शन देतो म्हणणारे भेटतील. चिकणमातीत ते शिरत नाही, वाट मिळेल तिकडे पसरतं.

इसार द्यायचा आहे. कागदात काय लिहून घ्यावं? किंमत किती पाडावी?

किंमत इंजिनीअरच्या अंदाजपत्रकावरून ठरवा, एजंटच्या 'दोन लाख कमी करून देतो'वरून नको. अंदाजपत्रकात परिमाणं आणि दर वेगळे हवेत. फरसबंदी आणि ड्रेनेज धरून एक आकडा, पायाखाली पाया घ्यावा लागला तर दुसरा. बोलणी दुसऱ्या आकड्यापासून सुरू करा.

एक खाच लक्षात ठेवा. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारी दरपत्रकातली) किंमत यांपैकी जी जास्त तिच्यावर लागतं. किंमत रेडी रेकनरच्या खाली गेली आणि फरक १० टक्के आणि ५० हजार रुपये या दोन्ही मर्यादा ओलांडून गेला, तर तो फरक आयकरात घेणाऱ्याचं उत्पन्न धरला जाऊ शकतो. म्हणून भाव खूप पाडण्याऐवजी ड्रेनेज आणि फरसबंदी विकणाऱ्याकडून खरेदीखताआधी करून घेणं अनेकदा सोयीचं पडतं. सीएला आधी विचारा.

इसार पावतीत आणि साठेखतात तीन गोष्टी स्पष्ट लिहा. पायाची तपासणी अमुक तारखेपर्यंत होईल आणि अहवालात ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त खर्च निघाला तर इसार पूर्ण परत. मालकानं आजवर भेगा, खचणं, पाणी गळणं याची केलेली दुरुस्ती वर्षासह. आणि मूळ बांधकामाचा मंजूर नकाशा, पायाचा आराखडा असल्यास तोही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीनं न कळणारा मोठा दोष सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. पण रंगाखालची भेग त्याला माहीत होती हे सिद्ध तुम्हालाच करावं लागतं, म्हणून त्याच्याच सहीचं लेखी उत्तर मोलाचं.

बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला म्हणजे घर तपासलं गेलं, असा समज पुष्कळांचा असतो. तो कर्जाला तारण पुरेसं आहे का ते बघतो. पायाशी त्याचं देणंघेणं फारसं नसतं. शिवाय कर्ज किमतीच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच मिळतं. उरलेली रक्कम, मुद्रांक शुल्क, नोंदणी यांतच बचत आटते. दुरुस्तीचा पैसा त्याआधी बाजूला काढून ठेवता येत नसेल तर हे घर तुमच्यासाठी नाही, भाव कितीही चांगला असो.

नाशिकजवळ रो-हाउस घेऊन दोन वर्षं झाली. भिंती ठीक आहेत, पण हॉलची फरशी मधोमध खचली आणि स्कर्टिंगखाली अंगठाभर फट आली. पाया गेला का?

बहुधा नाही. भिंती, दारं, खिडक्या जागच्या जागी आहेत आणि फक्त फरशी उतरली, तर जोत्यातला भराव बसलाय. जोतं भरताना मिळेल ती खणलेली माती, विटांचे तुकडे एकदम तीन-चार फूट ओततात, वरून पाणी सोडतात आणि ठोकणं राहून जातं. मग दोन-तीन पावसाळ्यांत भराव आपणहून बसतो.

न्हाणीघराचा पाइप गळत नाही ना, ही एकच शंका आधी फेडून घ्या. ती गळती असेल तर भराव धुऊन जातो आणि कितीदाही फरशी बदला, पुन्हा बसेल. गळती नसेल तर फरशी काढून सैल भराव चांगल्या थरापर्यंत उपसा. मुरूम १५० मिलिमीटरच्या थरांत टाका, प्रत्येक थराला पाणी मारून यंत्रानं ठोका. टाच रोवून पाहा. ठसा उमटला तर पुढचा थर टाकू नका. वर १०० मिलिमीटर काँक्रीट आणि मग फरशी. काळी माती भरावात परत जाऊ देऊ नका, मजूर ती आळसानं आत ढकलतात. उकरताना प्लिंथ बीमच्या खालची माती मोकळी होणार नाही, याकडे लक्ष द्या.

घर ताब्यात येऊन दोनच वर्षं झाली आहेत, म्हणून खर्च करण्याआधी बिल्डरला लेखी कळवा. रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत दाखवून दिलेला बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष त्यानं पैसे न घेता ३० दिवसांत दुरुस्त करायचा असतो. तुम्ही पहिल्या खरेदीदाराकडून घेतलं असलं तरी हक्क टिकतो. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे किंवा ८ घरांपर्यंतचे प्रकल्प नोंदणीतून सुटलेले असू शकतात, तेवढं तपासा. फरशी उखडण्याआधी फटीत मोजपट्टी धरून फोटो काढा. उखडलीत की पुरावाही गेला.

घरापासून दोन मीटरवर मोठा कडुनिंब आहे. घेतल्या घेतल्या तोडावा का?

थांबा. झाड उन्हाळ्यात पायाखालची ओल ओढतं, त्यामुळे त्या बाजूचा कोपरा जास्त बसतो, हे खरं. पण पंचवीस वर्षं वाळत राहिलेली माती झाड गेल्यावर हळूहळू ओल धरते आणि फुगते. मग तोच कोपरा उचलला जातो, आणि हे काही वर्षं चालतं. झाड घरापेक्षा जुनं असेल तर हा धोका जास्त. छाटणी करून विस्तार आटोक्यात ठेवा, मुळं अडवायला मधे चर खणून काँक्रीटचा पडदा घालता येतो का ते इंजिनीअरला विचारा. शहरात तोडायचं ठरलंच तर नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

यवतमाळला नव्या वसाहतीत बांधून मिळणारं घर बघतोय. बिल्डर म्हणतो, "पाच फूट खणून फुटिंग देतो, दणकट होईल." एवढं पुरे?

पाच फुटांवर मुरूम लागला तर पुरे. काळीच लागली तर नाही, मग काँक्रीट कितीही दणकट असो. काळ्या मातीत ओलीचा वर्षाचा चढउतार साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत पोचतो. पाया त्याच्या खाली न्यायचा, नाही तर मुरमावर. मुरूम खोल असेल तिथं रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं रुळवलेले अंडर-रीम्ड पाइल वापरतात: यंत्रानं साडेतीन मीटर किंवा जास्त खोल भोक, तळाशी भोकाच्या अडीच पट व्यासाचा फुगा, त्यात सळया आणि काँक्रीट. वरची माती फुगून पाइलला वर ओढायला लागली तरी हा फुगा त्याला धरून ठेवतो.

पाइल नीट झाले तरी एक गोष्ट हमखास बिघडवतात. पाइलांना जोडणारा बीम जमिनीवर टेकता कामा नये. त्याच्या खाली किमान ८० मिलिमीटर मोकळी जागा लागते, म्हणजे माती फुगली तरी बीमला ढकलणार नाही. सेंट्रिंगची फळी वाचवायला गवंडी बीम सरळ मातीवर ओततात. मग पाइलनं धरलेलं घर बीमच उचलतो. बिल्डरकडून माती-तपासणीचा अहवाल आणि पायाचा सही केलेला नकाशा घ्या, आणि बीमचं काँक्रीट ओतण्याच्या दिवशी साइटवर जाऊन हात खाली घालून बघा.